उरलेले सहा तास

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला, तिच्या भावाला मोठा अटॅक येऊन गेलाय, घरी सोडताना डॉक्टरांनी अंगावर घालायचं डिफिब्रिलेटरचं, म्हणजे हृदयाचा ताल बिघडला तर आपोआप शॉक देणारं, जॅकेट दिलंय आणि तो ते रात्री काढून ठेवतो, म्हणतो त्यात झोपच लागत नाही. "तू घालत होतीस ना गं, तू बोल त्याच्याशी," म्हणाली. मी बोलले, पण घाईघाईत जे सुचलं ते बोलले आणि फोन ठेवल्यावर वाटत राहिलं की मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच. म्हणून इथे सविस्तर लिहितेय, त्याच्यासाठी आणि ज्यांच्या ज्यांच्या घरात हे मशीन आलंय त्या सगळ्यांसाठी.

माझं वय तेव्हा 46. छातीत कळ वगैरे आलीच नाही, जबडा दुखत होता, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधे कुणीतरी दाबून धरल्यासारखं, मळमळ आणि दरदरून घाम. मी ऍसिडिटी समजून गोळी घेतली, आडवी झाले आणि कशीबशी सकाळ केली. छातीत फारसं न दुखताही अटॅक येऊ शकतो आणि बायकांच्या बाबतीत असं जास्त होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आता भेटेल त्या प्रत्येकीला सांगते. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सात-आठ तास गेले होते. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, शीर मोकळी झाली, पण तेवढ्या वेळात हृदयाच्या स्नायूचा जो भाग रक्तावाचून राहिला त्याचं जे नुकसान व्हायचं ते झालं. टू-डी एको केला तर पंपिंग 28 टक्के.

पंपिंग म्हणजे रिपोर्टवर ईएफ लिहिलेलं असतं ते. हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा रक्ताने भरला की एका ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, तो आकडा. शंभर कुणाचाच नसतो, चांगल्या हृदयाचा साधारण 55 ते 70 असतो. तो 35 किंवा त्याच्या खाली गेला की डॉक्टरांना एक वेगळीच काळजी लागते, आणि ती पुन्हा अटॅक येण्याची नव्हे. माझे डॉक्टर म्हणाले होते, "ब्लॉकेज उघडलंय, त्याचं मला फार टेन्शन नाही, मला टेन्शन आहे पुढच्या तीन महिन्यांचं."

अटॅक आणि कार्डिअॅक अरेस्ट या दोन गोष्टी आपण बोलताना सरमिसळ करतो, मीही करायचे. अटॅकमधे रक्ताची वाट बंद होते, माणूस शुद्धीवर असतो, दुखतंय म्हणून सांगू शकतो. अरेस्टमधे हृदयाचा ताल एकदम बिघडतो आणि माणूस बोलता बोलता कोसळतो. माझ्यासारख्या हृदयात मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होत असतो, त्याच्या कडेला अर्धवट जिवंत पेशी असतात, आणि ठोक्याचा जो विजेचा इशारा सगळ्या हृदयातून सरळ जायला हवा तो त्या व्रणाभोवती अडकून गोल गोल फिरायला लागू शकतो. मग ठोके इतके वेगात पडतात की कप्पा भरायलाच वेळ मिळत नाही, आणि ते आणखी बिघडलं की हृदय आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरत राहतं, मुठीत पकडलेल्या पाखरासारखं. त्याला व्हीएफ म्हणतात. थरथरणाऱ्या हृदयातून रक्त पुढे जात नाही, काही सेकंदांत शुद्ध जाते, आणि छाती दाबायला कुणी नसेल तर शॉक मिळायला जेवढा उशीर होईल त्यातल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी कमी होत जाते.

आणि शॉक बंद पडलेलं हृदय सुरू करतो अशी जी आपली समजूत असते ती बरोबर नाही. शॉक खरं तर तो सगळा गोंधळ एका झटक्यात थांबवतो, सगळ्या पेशी एकदम गप्प करतो, म्हणजे मग हृदयाचा स्वतःचा जो मूळ ताल देणारा भाग आहे त्याला पुन्हा सूत्रं हातात घेता येतात. हृदय पूर्ण थांबलेलंच असेल, स्क्रीनवर सरळ रेघ असेल, तर शॉकचा उपयोग नाही. हे पुढे मशीनच्या मर्यादेबद्दल लिहिताना परत येईल.

मग मी डॉक्टरांना विचारलं की एवढी भीती आहे तर छातीत कायमचं बसवायचं ते शॉक देणारं छोटं मशीन, आयसीडी, आत्ताच का नाही बसवत? उत्तर ऐकून मला आश्चर्य वाटलं होतं. एक तर अटॅकनंतर स्नायूचा काही भाग मेलेला असतो आणि काही भागाला नुसता मुका मार लागलेला असतो, तो गोळ्यांनी आणि वेळेने हळूहळू कामाला लागतो, त्यामुळे आज 28 असलेलं पंपिंग तीन महिन्यांनी 40 सुद्धा होऊ शकतं आणि मग आयुष्यभराचं मशीन कदाचित लागणारच नाही. दुसरं म्हणजे हे करून बघितलेलं आहे. डायनामिट नावाचा अभ्यास 2004 मधे आला, 674 पेशंट, अटॅकनंतर 6 ते 40 दिवसांच्या आत निम्म्यांना आयसीडी बसवलं. ताल बिघडून होणारे मृत्यू खरंच निम्म्याहून कमी झाले, पण बाकीच्या कारणांनी होणारे वाढले आणि एकूण हिशेब तिथल्या तिथे राहिला. म्हणून आयसीडीसाठी अटॅकनंतर किमान 40 दिवस थांबतात, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालं असेल तर साधारण 90 दिवस, आणि मग पुन्हा एको करून ठरवतात.

पण गंमत नाही हो ही, अडचण अशी आहे की सगळ्यात जास्त धोका नेमका याच थांबण्याच्या काळात असतो. व्हॅलियंट अभ्यासात 14,609 पेशंटचा हिशेब होता, अटॅकनंतरच्या पहिल्या महिन्यात अचानक मृत्यूचं प्रमाण महिन्याला 1.4 टक्के, दोन वर्षांनंतर ते महिन्याला 0.14 टक्क्यांवर आलेलं, म्हणजे दहापट फरक. आणि ज्यांचं पंपिंग 30 किंवा त्याखाली होतं त्यांच्यात पहिल्या महिन्यात 2.3 टक्के. मी 28 वाली. शंभरात दोन-तीन म्हणजे कमी वाटेल कुणाला, मला नाही वाटलं, माझी मुलगी तेव्हा दहावीत होती.

तर या मधल्या काळासाठी हे जॅकेट. पहिलं असं मशीन लाइफव्हेस्ट, त्याला अमेरिकेच्या एफडीएने 2001 मधे मान्यता दिली, 2021 मधे अशुअर नावाचं दुसरं आलं. बहुतेक ठिकाणी ते विकत घ्यायचं नसतं, भाड्याने मिळतं, काम झालं की परत. सगळीकडे मिळतंच असं नाही हेही खरं. ज्यांना अटॅक आलेला नाही पण दुसऱ्या कारणाने हृदय नुकतंच कमजोर झालंय, ज्यांच्या आयसीडीला इन्फेक्शन झालं म्हणून ते काढावं लागलंय आणि नवीन बसवायला वेळ आहे, किंवा जे ट्रान्सप्लांटची वाट बघतायत, अशांनाही देतात. त्यातल्या इन्फेक्शनवाल्या लोकांसाठी डॉक्टरांची शिफारस जास्त ठाम असते, माझ्यासारख्यांसाठी "विचार करता येईल" एवढीच, आणि ती का ते पुढे सांगते.

मशीन समजावून द्यायला एक मुलगी आली होती, तिने टेपने छातीचं माप घेतलं, आमच्यासमोर सगळं उलगडून दाखवलं. आतून घालायचं, थेट त्वचेवर, बाकीचे कपडे वरून. छातीभोवतीच्या पट्ट्यात चार कोरडे सेन्सर असतात, ते सतत ईसीजी बघत असतात, त्यांना जेल लावावं लागत नाही. शॉक देणारे तीन मोठे पॅड, दोन पाठीवर आणि एक पुढे. त्या पॅडमधे निळ्या जेलच्या पुड्या असतात, त्या शॉकच्या आधी आपोआप फुटतात म्हणजे त्वचा भाजत नाही आणि करंट नीट जातो. वायर कमरेच्या डब्याला, डबा एक किलोच्या आतला, बेल्टला लावा नाहीतर खांद्यावरून अडकवा. शॉक 150 ज्यूलपर्यंतचा, लागला तर लागोपाठ पाचपर्यंत. बॅटऱ्या दोन, एक मशीनमधे आणि एक चार्जरवर, दर 24 तासांनी अदलाबदल.

आणि दोन बटणं. ही बटणं म्हणजे या सगळ्या मशीनचा जीव आहे असं मला वाटतं. मशीनला ताल बिघडल्याची शंका आली की आधी अंगावर थरथर जाणवते, मग सायरन, मग आणखी मोठा सायरन, मग बोलायला लागतं. तुम्ही शुद्धीवर असाल तर दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची, म्हणजे मशीनला कळतं की बाई जागी आहे, आणि ते शॉक थांबवून ठेवतं. बेशुद्ध असाल तर बटणं कोण दाबणार, मग मशीन आजूबाजूच्यांना लांब राहायला सांगतं आणि शॉक देतं. ओळखण्यापासून शॉकपर्यंत हे सगळं साधारण मिनिटाभरात.

त्या मुलीने डेमोसाठी सायरन वाजवला तेव्हा माझी लेक उठून आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

नवऱ्याला मात्र त्या मुलीने एक वाक्य तीनदा म्हणायला लावलं, "बटणं फक्त पेशंटने दाबायची, मी नाही." त्याला तेव्हा ते जरा विचित्र वाटलं. कारण घरच्या माणसाचा पहिला झटका हाच असतो ना की आवाज बंद करू, काहीतरी करू. पण मी बेशुद्ध पडलेले असताना त्याने प्रेमापोटी ती बटणं दाबली तर मशीनला वाटणार मी जागी आहे, आणि मला वाचवणारा शॉक त्याच्याच हाताने थांबणार.

आता घालण्याबद्दल. पहिले दोन आठवडे मी फार वाईट पद्धतीने काढले, अगदी खरं सांगते. पट्टा नेमका ब्राच्या खालच्या कडेला येतो, दोन्ही एकमेकांवर सरकतात, संध्याकाळपर्यंत बरगड्यांवर लाल रेघ. घाम आला की खाज. कुशीवर झोपलं की डबा टोचतो, उताणं झोपलं की पाठीचे पॅड टोचतात, म्हणून कितीदा रात्री काढूनच ठेवायचे. कुणी भेटायला आलं की मला त्या वायरची लाज वाटायची, मग पाहुणे यायच्या आधी काढून ठेवायचे, ते दोन तास बसायचे, ते गेल्यावर वाटायचं आता आंघोळ करूनच घालू, आंघोळीनंतर वाटायचं जरा अंग सुकू दे, मोकळं वाटतंय. असे करत करत तास जायचे आणि मला ते मोजावेसेही वाटायचे नाहीत, कारण डोक्यात एकच की दिवसातला बराच वेळ तर घालतेय.

दोन आठवड्यांनी तपासणीला गेले तर डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. मशीन आपली सगळी माहिती पाठवत असतं, त्यात तुम्ही किती तास घातलं तेही असतं, हे मला सांगितलं असणार पण माझं लक्ष नव्हतं. रोजची एक आडवी पट्टी, आणि प्रत्येक पट्टीत पांढरी भोकं. सरासरी 18 तासांच्या आसपास. मला वाटलं बरं आहे की, चोवीसातले अठरा म्हणजे पाऊण दिवस. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त एका अभ्यासाबद्दल सांगितलं, आणि घरी येऊन मी तो शोधून वाचला, कळेल तेवढा.

त्याचं नाव व्हेस्ट. 2018 मधे आला. 2302 पेशंट, सगळे माझ्यासारखे, नुकताच अटॅक आलेला आणि पंपिंग 35 किंवा कमी. 1524 जणांना जॅकेट आणि औषधं, 778 जणांना नुसती औषधं, 90 दिवस. ताल बिघडून अचानक झालेले मृत्यू जॅकेटवाल्यांत 1.6 टक्के, बाकीच्यांत 2.4 टक्के, आणि हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच होता, म्हणजे अभ्यास जे सिद्ध करायला निघाला होता ते सिद्ध झालं नाही. एकूण मृत्यू 3.1 विरुद्ध 4.9 टक्के, पण मुख्य प्रश्नाचं उत्तर नाही आल्यावर या दुसऱ्या आकड्यावर फार भार टाकता येत नाही. माझ्यासारख्यांसाठी शिफारस जपून केलेली असते ती यामुळेच. हे मी लपवत नाही, कारण मैत्रिणीचा भाऊ उद्या गूगल करेल आणि म्हणेल की याचा उपयोगच नाही असं लिहिलंय.

पण त्याच अभ्यासात पुढे लिहिलेलं आहे. जॅकेटवाल्या गटात मधलं माणूस दिवसाला 18 तास घालत होतं, म्हणजे निम्मे लोक त्याहूनही कमी. आणि त्या गटात जे 48 जण गेले त्यांच्यापैकी मृत्यूच्या वेळी जॅकेट अंगावर होतं फक्त 12 जणांच्या.

बाकीच्या 36 जणांचं जॅकेट तेव्हा कुठे होतं, खुर्चीच्या पाठीला अडकवलेलं, पलंगाशेजारी, कपाटात, की आधीच परत करून टाकलेलं, हा विचार माझ्या मनातून कितीतरी दिवस गेला नाही. मी माझ्या खुर्चीकडे बघायचे. आता यातले सगळे जॅकेट घातलं असतं तर वाचले असते असं अजिबात नाही, माणसं दुसऱ्या कारणांनीही जातात, हार्ट फेल होऊन जातात, आणखी कशाने जातात, आणि जो माणूस मशीन नीट घालतो तो गोळ्याही नीट घेतो, तेव्हा श्रेय कशाचं हे वेगळं काढणं अवघड असतं. हे सगळं मान्य. पण काढून ठेवलेलं मशीन शॉक देत नाही यात तर काही वाद नाही ना. मी 18 तास घालत होते म्हणजे रोज सहा तास मी धोक्यात तेवढीच होते जेवढी मशीन नसताना असते, आणि त्यातही माझं काढून ठेवणं रात्रीचं, जेव्हा शेजारचा माणूस झोपलेला असतो आणि कोसळण्याचा आवाजही होत नाही. मला फोनवर त्याला सांगायचं राहिलं ते हेच. तो म्हणतो फक्त रात्रीच काढतो, जसं काही रात्र हा दिवसाचा बिनधोक भाग आहे.

त्या दिवसापासून आम्ही घरात पद्धत बसवली. मापाचा दुसरा, जरा मोठा पट्टा मागवून घेतला, कारण त्रास बराचसा चुकीच्या मापाचा होता. जॅकेटचे दोन जोड, एक अंगावर, एक धुवायला, कापड मऊ राहील असं साध्या साबणात. पट्ट्याच्या जागेवर क्रीम किंवा पावडर लावायची नाही, सेन्सरला त्रास होतो. आंघोळ हा एकच वेळ काढायचा, कारण मशीनला पाणी चालत नाही, तेव्हा घरात कुणीतरी हवंच, दाराला आतून कडी नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. पाहुण्यांना नवरा दारातच सांगायचा, "तिच्या अंगावर मशीन आहे, वाजलं तर तिला हात लावू नका." आधी मला ते ऐकून कसंतरी व्हायचं, पण चार दिवसांनी उलट सोपं झालं, लपवायचं काही उरलंच नाही. आणि बॅटरीचं काम लेकीने स्वतःहून अंगावर घेतलं. रात्री नऊचा अलार्म लावला होता, तो वाजला की ती अभ्यास सोडून यायची, "आई, बॅटरी!", जुनी काढायची, नवी बसवायची, लाइट लागला का बघायची, मग चार्जरवरचा लाइट बघायची. जी मुलगी सायरन ऐकून आत निघून गेली होती तिने साडेदहा आठवडे एकही दिवस चुकवला नाही.

वाजलं का कधी? एकदा. पाचवा आठवडा असेल, रात्री पावणेतीन. आधी बरगडीवर थरथर, मला स्वप्नात वाटलं फोन आलाय, मग तो सायरन. मी उठून बसले, हात अंधारात डबा शोधतायत, सापडला, दोन्ही बटणं एकदम दाबली आणि दाबूनच धरली, सायरन थांबला. पट्टा सैल होऊन सेन्सर सरकला होता, तेवढ्या गडबडीला मशीनने ताल बिघडलाय असं समजलं होतं. असं होतं, आणि बटणं दाबली नाहीत तर विनाकारण शॉकही लागू शकतो, व्हेस्टमधे 9 जणांना तसा लागला होता, आणि 20 जणांना खरंच गरज होती म्हणून लागला.

पण मला त्या रात्रीतलं आठवतं ते वेगळंच. मी दिवा लावला तर नवरा गुडघ्यांवर बसलेला, त्याचा उजवा हात माझ्या कमरेकडे आलेला आणि डब्यापासून वीतभरावर तसाच थांबलेला, बोटं उघडी. त्याने हात पुढे केला होता आणि मग त्याला ते वाक्य आठवलं होतं. तो काही बोलला नाही, हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला, थरथरत होता म्हणून. डोळ्यांसमोर बायको आहे, सायरन वाजतोय, आणि करायचं काहीच नाही, लांब राहायचं. मी बटणं दाबली त्याला काही धैर्य लागलं नाही, मला नुसतं जागं व्हायचं होतं. अवघड काम त्याचं होतं.

घरच्यांसाठी अजून दोन-तीन गोष्टी, पटकन. शॉक लागला आणि माणूस उठून बोलायला लागला तरी हॉस्पिटलात जायचंच, लगेच. मशीन फक्त शॉक देण्याजोगा ताल असेल तरच कामाचं, हृदय पूर्णच थांबलं तर ते सायरन देईल, लोकांना बोलवेल, पण पुढचं माणसांनाच करायचंय. म्हणून सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिका, खरंच शिका, छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल. जॅकेट अंगावर असतानाही छाती दाबता येते, फक्त मशीन लांब राहायला सांगत असेल तेवढा वेळ हात लावायचा नाही. आमच्याकडे तिघांनीही शिकून घेतलं. आणि ज्यांना जॅकेट मिळत नाही किंवा परवडत नाही त्यांनी खचून जाऊ नका, गोळ्या वेळच्या वेळी घेणं हा या तीन महिन्यांतला सगळ्यात मोठा उपचार आहे, बीटा ब्लॉकरची गोळी तर तालाचंही रक्षण करते, आणि सीपीआर येणारं माणूस घरात असणं ही काही लहान गोष्ट नाही.

त्या जागरणांमधे मी या मशीनच्या मागची माणसंही वाचत बसायचे. 1947 मधे क्लीव्हलंडला क्लॉड बेक यांनी 14 वर्षांच्या एका मुलाच्या उघड्या हृदयाला शॉक देऊन त्याला वाचवलं, ती पहिली वेळ. 1965 मधे बेलफास्टला फ्रँक पॅंट्रिज यांनी डिफिब्रिलेटर अॅम्ब्युलन्समधे नेला, त्याचं वजन 70 किलो होतं आणि तो गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचा. आणि मिशेल मिरोव्स्की, त्यांचे गुरू हॅरी हेलर 1966 मधे असेच ताल बिघडून गेले, तेव्हापासून त्यांनी शरीरातच बसेल असं मशीन बनवायचा ध्यास घेतला, मोठमोठ्या तज्ज्ञांनी त्यांना वेड्यात काढलं, आणि 4 फेब्रुवारी 1980 ला जॉन्स हॉपकिन्समधे एका बाईच्या शरीरात पहिलं आयसीडी बसलं. चौदा वर्षं. 70 किलोची ती पेटी माझ्या कमरेवर एक किलोच्या आत येऊन बसली होती, आणि मी ती पाहुण्यांची लाज वाटते म्हणून काढत होते, हे तेव्हा फार लागलं मनाला.

नव्वद दिवसांनी एको झाला. पंपिंग 33. वाढलं, पण 35 च्या वर नाही गेलं. मी थोडी रडले, मग आयसीडी बसवायचं ठरलं, डाव्या कॉलरबोनखाली, जागेवर भूल देऊन, शिरेतून वायर आत. दुसऱ्या दिवशी जॅकेट खोक्यात भरून परत पाठवलं. शेवटच्या पंधरा दिवसांचा रिपोर्ट डॉक्टरांनी दाखवला होता, सरासरी साडेतेवीस तास, पट्ट्यांमधे भोकं जवळजवळ नाहीतच, फक्त सकाळी एक बारीक पांढरी चीर, आंघोळीची.

मैत्रिणीचा काल मेसेज आलाय, भावाचा पट्टा सैलच निघाला, नवीन माप घ्यायला माणूस येणार आहे, आणि दोन रात्री तो घालून झोपलाय.

आयसीडी बसवून घरी आले त्या रात्री मी डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही म्हणून उशीवर ठेवून बसले होते. कमरेला काही नाही, अंग हलकं, आणि सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. नऊ वाजता मोबाईलचा अलार्म वाजला, मी बंद करायचा विसरले होते. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ "आई, बॅटरी!", आणि लेक धावत दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. "याची किती वर्षं चालते?" तिने टाक्यांकडे बघत विचारलं. मी म्हटलं, सात-दहा वर्षं तरी. तिने मनात हिशेब केला, मी तेव्हा पंचविशीत असेन म्हणाली, आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.